शिडाच्या नौकेवरील रात्रीचे कप्तानपद

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, मुख्य भूमी आणि वाइट बेट यांच्या दरम्यान, सोलेंट नावाची एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे. उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी या पाण्यावर शेकडो पांढरी शिडे डोलताना दिसतात. त्यांतील सर्वच नौका त्या चालविणाऱ्यांच्या मालकीच्या असतात असे नव्हे. दहा ते बारा मीटर लांबीची, सहा-आठ माणसांच्या निजण्याची सोय असलेली, लहानसे स्वयंपाकघर आणि इंजिन यांनी सज्ज अशी शिडाची नौका आठवडाभरासाठी भाड्याने घ्यावी, तिच्यावर पगारी खलाशी न ठेवता ती स्वतःच हाकारावी आणि आप्तमित्रांसह बंदरामागून बंदर पाहत हिंडावे, ही प्रथा तेथे पुष्कळ वर्षांपासून रुजलेली आहे. मोटार भाड्याने मिळते, तशीच ही नौका. फरक एवढाच की, चालविणारा थकला तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. समुद्राला अशी कडा नसते.

दिवसापुरते बोलावयाचे तर हा प्रवास फारसा कठीण नाही. सकाळी निघावे, वाऱ्यावर पंधरा-वीस सागरी मैल कापावेत आणि सायंकाळी पुढच्या बंदरात दोर बांधावेत. एकटा कप्तान दिवसभर जागा राहू शकतो, सर्व काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो आणि प्रत्येक निर्णय स्वतः घेऊ शकतो. परंतु साठ-सत्तर मैलांचा पल्ला गाठावयाचा झाला की वाटेत रात्र पडते, आणि कप्तानपदाचे स्वरूपच पालटते. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. केव्हातरी सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन कप्तानाला खाली जाऊन निजावे लागते. नौका, तिच्यावरील माणसे आणि स्वतःचा जीव त्या दोन-तीन तासांत दुसऱ्याच्या सावधपणावर सोपवावा लागतो. रात्रीचे कप्तानपद शिकणे म्हणजे बहुतांशी हे सोपविणे शिकणे होय. उरलेले शिक्षण ही त्याचीच पूर्वतयारी असते.

ब्रिटनमध्ये स्वतःच्या हौसेखातर नौका चालविणाऱ्याला कायद्याने परवाना लागत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. तरीही ‘रॉयल यॉटिंग असोसिएशन’ या संस्थेने आखलेले अभ्यासक्रम तेथील असंख्य लोक स्वेच्छेने पुरे करतात. याला व्यावहारिक कारणेही आहेत. नौका भाड्याने देणारे आणि तिचा विमा उतरविणारे, दोघेही घेणाऱ्याच्या अनुभवाची चौकशी करतात. क्रोएशियासारख्या देशात तर प्रमाणपत्र दाखविल्यावाचून नौका ताब्यात मिळत नाही. ‘डे स्किपर’च्या प्रात्यक्षिक वर्गात येण्यापूर्वी उमेदवाराने ५ दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास समुद्रावर काढलेले असावेत, अशी अपेक्षा असते. त्याच्या बऱ्याच वरची पायरी ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ ही होय. तिच्या परीक्षेस बसण्यासाठी समुद्रावरील ५० दिवस, २,५०० मैल आणि ६० मैलांहून अधिक पल्ल्याचे ५ प्रवास गाठीशी असावे लागतात. त्यांपैकी २ प्रवास रात्रभराचे आणि २ प्रवास स्वतः कप्तान या नात्याने केलेले हवेत. दिवसाचे मैल कितीही साठले तरी ते रात्रीच्या खात्यात जमा होत नाहीत, ही या नियमांतील मार्मिक गोष्ट आहे.

कप्तानपदासाठी मोजता येण्याजोगा पहिला मोठा प्रवास म्हणून अनेक उमेदवार एकच वाट निवडतात: वाइट बेटाच्या पश्चिम टोकाजवळील नीडल्स या चुनखडीच्या सुळक्यांपासून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या शेर्बूर बंदरापर्यंत. अंतर सुमारे ६० सागरी मैल, दिशा जवळजवळ सरळ दक्षिण. ताशी ५ सागरी मैल, म्हणजे ५ नॉट वेगाने १२ तास. सायंकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचणे हा येथला परिपाठ आहे आणि तो विचारपूर्वक ठरलेला आहे. अंधारात किनाऱ्याजवळ आले असता दीपगृहांचे दिवे दुरून ओळखता येतात आणि आपण नेमके कोठे आहोत हे निश्चित होते. त्यानंतर उजाडले की बंदरात शिरण्याचे नाजूक काम उजेडात होते. नवख्याला वाटते की समुद्र रात्री ओलांडणे हे धाडस. जाणता मनुष्य अनोळखी बंदरात रात्री शिरणे हे धाडस मानतो आणि ते टाळतो.

परकी नौका

भाड्याच्या नौकेची पहिली अडचण ही की, ती परकी असते. स्वतःच्या घरात मनुष्य अंधारात पाण्याचा तांब्या शोधतो, दुसऱ्याच्या घरात त्याला दाराची कडीही सापडत नाही. भाड्याने देणाऱ्या संस्थेचा माणूस तासाभरात सगळी नौका दाखवितो, यादीवर सही घेतो, अनामत रकमेची पावती देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या तासात शंभर गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यांतील दहाच लक्षात राहतात. म्हणून चांगले शिक्षक विद्यार्थ्याला धक्क्यावर बांधलेल्या नौकेतच डोळे मिटून फिरावयास लावतात. शिडाचा प्रत्येक दोर कोणता, इंधनाचा झडपा कोठे, गॅस बंद करण्याची कळ कोठे, बॅटरी कोठे, जीवरक्षक कडे कोणत्या हाताला, हे हाताला कळले पाहिजे. सर्व दिवे दुपारीच लावून पाहावेत. डोलकाठीच्या शेंड्यावरचा दिवा गेलेला आहे हा शोध रात्री दहा वाजता लागला, तर त्याचा उपयोग नसतो. उसळत्या नौकेत त्या वेळी वर कोण चढणार?

याच कारणाने, ताब्यात घेतलेल्या नौकेवर पहिल्याच रात्री खाडी ओलांडण्यास निघणे अनुभवी माणसे पसंत करीत नाहीत. एक-दोन दिवस सोलेंटमध्येच हिंडावे, नौकेचा स्वभाव ओळखावा, सोबत्यांपैकी कोणाला समुद्र लागतो ते पाहावे, मग बाहेर पडावे. जगातील अनेक ठिकाणी, विशेषतः कॅरिबियन बेटांत, भाडेकरारातच सूर्यास्तानंतर नौका चालविण्यास मनाई असते. प्रवाळांच्या खडकांमुळे तेथे ती योग्यही आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पुरेसा अनुभव दाखविणाऱ्यास अशी मोकळीक मिळते, आणि म्हणूनच रात्रीचे शिक्षण घेण्यास ते पाणी सोयीचे ठरले आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब

कोकणातील कोळ्याला उधाण आणि भांग यांचे महत्त्व सांगावयास नको. इंग्लिश खाडीत तेच महत्त्व शतपटीने जाणवते. शेर्बूरला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ५ मीटरांहून अधिक फरक पडतो आणि एवढे पाणी खाडीतून पूर्वेकडे व पुन्हा पश्चिमेकडे आळीपाळीने सुमारे सहा-सहा तास धावत असते. नौकेची वाट दक्षिणोत्तर, पाण्याची पूर्व-पश्चिम. म्हणजे सारा प्रवास वाहत्या नदीला आडवे छेदण्यासारखा. आणि ही नदी मध्येच उलटी वाहू लागते.

निघण्याची वेळसुद्धा कप्तानाच्या मर्जीवर नसते. सोलेंटच्या पश्चिम तोंडाशी हर्स्ट किल्ल्याजवळ वाट इतकी अरुंद होते की, तेथील प्रवाहाविरुद्ध शिडाची नौका तासभर झगडूनही जागच्या जागी राहावी. बाहेर नेणारा प्रवाह पोर्टस्मथच्या पूर्ण भरतीपूर्वी सुमारे एक तास सुरू होतो. त्याच्या पाठीवर बसूनच निघावयाचे. पंचांग पाहून मुहूर्त काढावा तसे भरतीचे कोष्टक पाहून प्रस्थान ठरते. हा मुहूर्त मात्र चुकविता येत नाही.

पुढील बारा तासांचा हिशेब विद्यार्थी नकाशाच्या मेजावर बसून निघण्यापूर्वीच करतो. प्रत्येक तासाला प्रवाह कोणत्या दिशेने आणि किती जोराने वाहील, हे छापील पुस्तिकेतून काढून तो त्यांची बेरीज-वजाबाकी मांडतो. समजा, बारा तासांत पाणी पूर्वेकडे एकूण १४ मैल नेणार आणि पश्चिमेकडे १२ मैल. तर अखेरीस शिल्लक उरते ती पूर्वेकडे २ मैलांची. साठ मैलांच्या पल्ल्यावर एक अंशाचा फरक म्हणजे साधारण एक मैल, हा नाविकांचा जुना ठोकताळा. म्हणजे नौकेची नाळ नेमक्या रेषेपासून अवघी २ अंश पश्चिमेकडे ठेवावयाची आणि रात्रभर तीच दिशा धरावयाची. नौका वाटेत कित्येक मैल एकीकडे जाईल, नंतर दुसरीकडे येईल, नागमोडी वळणे घेईल आणि शेवटी बंदराच्या तोंडाशी उभी राहील.

शिकाऊ माणसाची श्रद्धा येथे डळमळते. नौकेवरील उपग्रह-यंत्राच्या पडद्यावर सरळ रेषा आखलेली असते आणि नौका तिच्यापासून तीन मैल, चार मैल, पाच मैल दूर जाताना स्पष्ट दिसते. पाळीवरचा माणूस घाबरून नाळ वळवितो आणि रेषेवर येण्यासाठी प्रवाहाशी भांडू लागतो. प्रवाहाचा जोर सरासरी २ नॉट धरला, तर अशी तिरकी चालणारी नौका प्रत्यक्षात दक्षिणेकडे सुमारे ४.६ नॉटनेच सरकते आणि १२ तासांचा प्रवास १३ तासांवर जातो. वाया गेलेल्या या एका तासाची किंमत मोठी आहे, कारण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच प्रवाह सर्वांत जोराचा असतो. तासभर उशीर झाला की पाण्याचा हिशेब बदलतो आणि नौका बंदराच्या बाजूला फेकली जाते. त्यानंतर सोसाट्याच्या पाण्याविरुद्ध इंजिन लावूनही ती पुढे सरकत नाही. हे सर्व होत असताना कप्तान निजलेला असू शकतो! म्हणून ‘रेषा सुटलेली दिसली तरी दिशा बदलू नका’ हे त्याने पाळीवरच्या माणसाला नुसते सांगून भागत नाही. का बदलावयाची नाही, हे कागदावर मांडून दाखवावे लागते. कारण कळलेला माणूस आज्ञा पाळतो. न कळलेला मध्यरात्री स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

जहाजांची वाट ओलांडताना

इंग्लिश खाडी हा जगातील अत्यंत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक आहे. डोव्हरची सामुद्रधुनी आणि पश्चिमेकडील कास्केट्स खडकांजवळचे नियंत्रित जलमार्ग यांच्यामध्ये मालवाहू जहाजांची रांग रात्रंदिवस चालू असते. इंग्लंडकडून येणाऱ्या नौकेला प्रथम पश्चिमेकडे जाणारी जहाजे भेटतात. ती तिच्या डाव्या हाताने येतात. मध्य ओलांडल्यावर पूर्वेकडे जाणारी जहाजे उजव्या हाताने येऊ लागतात. साधारण हा टप्पा मध्यरात्रीच्या आगेमागे येतो.

मोठ्या जहाजाचे पांढरे दिवे किमान ६ मैलांवरून दिसावेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जहाज २० नॉट वेगाने येत असेल तर हे ६ मैल अठरा मिनिटांत संपतात. अठरा मिनिटे पुष्कळ वाटतात. परंतु ती कशात जातात पाहा. प्रथम दिवा दिसतो तो तारा की जहाज हेच कळत नाही. मग एकावर एक असे दोन पांढरे दिवे वेगळे होतात. पुढचा खाली, मागचा वर. त्यांच्यामधील अंतरावरून जहाज कोणीकडे तोंड करून आहे हे उमगते. लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे, हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले आणि वरचे पांढरे दिवे एका ओळीत आले, तर ते जहाज सरळ आपल्याच रोखाने येत आहे. याबरोबरच हातातील होकायंत्राने दर दोन मिनिटांनी त्याचा दिशाकोन घ्यावयाचा असतो. कोन बदलत असेल तर जहाज पुढून किंवा मागून निघून जाईल. कोन तोच राहून दिवे मोठे होत असतील, तर टक्कर अटळ आहे असे समजून वागावे. १९७२ मध्ये ठरलेल्या आणि १९७७ पासून अमलात आलेल्या सागरी वाहतुकीच्या नियमांतील हे सूत्र यंत्रयुगातही बदललेले नाही.

खुल्या समुद्रात यंत्राच्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, असाही नियम आहे. परंतु हक्क सांगत बसण्याची ती जागा नव्हे, असे तेथील शिक्षक बजावतात. १२ मीटरांहून लहान नौकेचा लाल किंवा हिरवा दिवा केवळ १ मैलावरून दिसला तरी नियमाची पूर्तता होते. आणि २० नॉटच्या जहाजाला तो मैल कापण्यास तीन मिनिटे पुरतात. लाटेवर नौका कलली की तो दिवाही आकाशाकडे किंवा पाण्याकडे वळतो.

२००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात २० आणि २१ तारखांच्या दरम्यानच्या रात्री वाइट बेटाच्या दक्षिणेस ‘ऊझो’ नावाची सुमारे २५ फुटी नौका अशीच नाहीशी झाली. तिच्यावरील तिघेही बुडून मेले. तिघेही समुद्राचे जाणकार होते, हवा वाईट नव्हती. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने बारकाईने चौकशी करून काढलेला निष्कर्ष असा की, एका मोठ्या प्रवासी जहाजाशी तिची टक्कर झाली असावी किंवा जहाज अगदी जवळून गेल्याने उसळलेल्या पाण्यात ती बुडाली असावी. जहाजावरील टेहळ्याच्या चष्म्याच्या काचा उजेड कमी करणाऱ्या होत्या, नौकेवरील रडार-परावर्तक फारसा प्रभावी नव्हता, अशा कित्येक लहान गोष्टी त्या अहवालातून पुढे आल्या. ‘जहाजाला आपण दिसतच असू’ हे गृहीत धरू नये, हा धडा त्यानंतर प्रत्येक वर्गात शिकविला जातो. जवळच्या जहाजाचे नाव, वेग आणि दिशा पडद्यावर दाखविणारी एआयएस यंत्रणा आता पुष्कळ भाड्याच्या नौकांवर असते, आणि तिचा उपयोग मोठा आहे. मात्र लहान मासेमारी होड्या तिच्यात दिसतीलच असे नाही, आणि फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ खेकडे पकडण्यासाठी टाकलेल्या पिंजऱ्यांचे बिनदिव्याचे तरंगते डबे तर मुळीच दिसत नाहीत.

कप्तानाची झोप

जून महिन्यात तेथे सूर्य रात्री ९ नंतर मावळतो आणि पहाटे ५ च्या सुमारास उगवतो. रात्र लहान, पण थंडी बोचरी. अंधार पडण्यापूर्वी कप्तानाने काही कामे उरकून घेतलेली असतात. वारा वाढण्याची शक्यता असेल तर शिडाचा काही भाग गुंडाळून ते लहान करावयाचे, म्हणजेच रीफ घ्यावयाचा; रात्री तीन वाजता ओल्या फळीवर उभे राहून ते करण्यापेक्षा थोडा वेग गमावलेला बरा. सर्वांना गरम जेवण द्यावयाचे आणि थर्मासमध्ये चहा भरून ठेवावयाचा. प्रत्येकाच्या अंगावर लाइफजॅकेट आणि कमरेला दोर. जिन्यातून वर येताना डोके बाहेर काढण्यापूर्वीच दोराची कडी अडकवावयाची, आणि दुसरा कोणी वर असल्याशिवाय सुकाणूजवळची बैठक सोडून पुढे जावयाचे नाही. ६ नॉटने चालणारी नौका अर्ध्या मिनिटात शंभर मीटर दूर जाते. काळोख्या लाटांत पाण्यावरचे माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून दिसत नाही.

चार सोबती असतील तर दोघादोघांच्या तीन-तीन तासांच्या पाळ्या लावून कप्तान स्वतः पाळीबाहेर राहतो. त्यामुळे केव्हाही उठविले तरी तो ताजा असतो. पाळी बदलण्याचीही एक रीत आहे. येणाऱ्याने दहा मिनिटे आधी वर यावे. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून जाणाऱ्याने लगेच पाठ फिरवू नये. दिशा किती, वेग किती, कोणते जहाज कोठे आहे, कोणते दीपगृह कोणत्या बाजूस आहे, हे सांगून आणि समोरच्याने ते पुन्हा उच्चारल्यावरच सुकाणू सोडावे. खाली नकाशाच्या मेजावर लाल दिवा असतो. पांढरा लावला की वरच्या माणसाचे डोळे पुन्हा आंधळे होतात.

या सर्वांहून महत्त्वाची असते ती कप्तानाने निजण्यापूर्वी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवलेली आज्ञापत्रिका. जहाजाचा दिशाकोन बदलत नसेल तर उठवा. वारा अमुक इतका वाढला किंवा दिशा फिरली तर उठवा. धुके आले, अपेक्षित दिवा ठरल्या वेळी दिसला नाही, न अपेक्षिलेला दिसला, तर उठवा. शेवटचे कलम बहुधा एकच असते: शंका आली तर उठवा. हे लिहिणे सोपे आहे. पाळणे पाळीवरच्या माणसापेक्षा कप्तानालाच अवघड जाते. रात्री दोन वाजता नुकताच डोळा लागलेला असताना कोणी हाक मारावी, धडपडत वर जावे आणि पाहावे तो उगवता शुक्र! अशा वेळी तोंडातून एक त्रासिक शब्द निघाला की पुढच्या खेपेस तो माणूस हाक मारण्यास कचरेल, आणि पुढच्या खेपेस कदाचित खरोखरीचे जहाज असेल. म्हणून चांगला कप्तान उगवत्या शुक्रासाठीही ‘बरे केलेस, उठविलेस’ असे म्हणतो आणि खाली जाऊन पुन्हा निजतो.

निजणे हेही त्याचे कर्तव्यच असते. पहिल्या खेपेचे बहुतेक कप्तान ते पार पाडीत नाहीत. ते रात्रभर जिन्यात बसून राहतात, सोबत्यांना दर पाच मिनिटांनी प्रश्न विचारतात आणि पहाटे, जेव्हा बंदराचे खरे काम सुरू व्हावयाचे, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दिवे नाचू लागतात. थकलेल्या माणसाला आपल्याला हवे तेच दिसते, हा समुद्रावरील सार्वत्रिक अनुभव आहे. ज्या दिव्याची वाट पाहिली तोच हा, असे तो ठरवून टाकतो आणि सेकंद मोजत नाही.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्याची गोष्ट निराळी. ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी नौकेतून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी आणि २०१२-१३ मध्ये, वाटेत कोठेही न थांबता, अभिलाष टॉमी यांनी ती केली. सुकाणू सोपविण्यास त्यांच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. एकट्याने, वाटेत न थांबता केलेल्या अशा प्रवासाची परंपरा ज्यांच्यापासून सुरू झाली त्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईतच बांधलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते; १९६८-६९ मध्ये तिच्यातून त्यांनी न थांबता पृथ्वीला फेरी घातली. परंतु भाड्याच्या नौकेच्या कप्तानाला त्यांच्यापेक्षा रायगड-रत्नागिरीकडील मासेमारी होडीचा तांडेल अधिक जवळचा. त्याच्याही हाताखाली चार खलाशी असतात. कोणाला सुकाणूवर बसवावे आणि कोणाला बसवू नये, हे तो किती वाव पाण्यात आहोत यापेक्षा कमी काळजीने ठरवीत नाही.

पहाटेचा किनारा

पहाटे दोन-तीनच्या सुमारास दक्षिणेच्या क्षितिजावर, डावीकडे, प्रकाशाची एक पुसट झाक उमटू लागते. दिवा अजून क्षितिजाखाली असतो. त्याचा झोत आकाशात फिरताना दिसतो. बार्फ्लर टोकावरील गातविलचे हे दीपगृह सुमारे ७५ मीटर उंचीचे, फ्रान्समधील सर्वांत उंच दीपगृहांपैकी एक. लहान नौकेवरून त्याचा प्रत्यक्ष दिवा सुमारे २० मैलांवर दिसू लागतो. दर दहा सेकंदांना दोन लखलखाट, ही त्याची ओळख. मागे राहिलेले वाइट बेटावरील सेंट कॅथरिनचे दीपगृह पाच सेकंदांना एकदा लुकलुकते. विद्यार्थ्याने घड्याळ हातात घेऊन एकदा नव्हे, तीनदा मोजावे, असा दंडक आहे. मोजणी जुळली की रात्रभराच्या नागमोडी प्रवासाचा हिशेब कागदावर पडताळला जातो. शिल्लक थोडी चुकली असेल तर आत्ता, पंधरा मैल आधी, नाळ वळविणे स्वस्त पडते. बंदराच्या ज्या बाजूकडून पाणी वाहत येत आहे त्या बाजूस नौका थोडी अधिक ठेवावी, म्हणजे शेवटचे मैल प्रवाहच पोहोचवितो.

शेर्बूरचा बंदिस्त उपसागर म्हणजे मानवी चिकाटीचे एक नवल आहे. खुल्या समुद्रात घातलेला त्याचा मधला बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला तो १८५३ मध्ये पुरा झाला. त्याच्या पश्चिम टोकावरील किल्ल्याजवळून आत शिरताच लाटांचा आवाज एकदम थांबतो. शिडे उतरवून, इंजिन सुरू करून, नौका आतल्या शांतेरेन धक्क्याला लागते. सोबती तशाच ओल्या कपड्यांनिशी निजतात. कप्तान मात्र नोंदवहीत पोहोचल्याची वेळ, कापलेले मैल, इंजिनाचे तास आणि प्रत्येकाच्या पाळ्या लिहितो. या नोंदीवरच पुढे परीक्षेला बसण्याची पात्रता ठरावयाची असते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या नियमांबाहेर गेल्याने पारपत्रे घेऊन किनाऱ्यावरील अधिकाऱ्यांकडे जाण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येते.

त्यानंतर तो हवामानाचा अंदाज पाहतो. नौका परत करण्याची मुदत बहुधा दोन-तीन दिवसांवर आलेली असते, आणि परतीची वाट उत्तरेकडची. वारा फिरून उत्तरेचा झाला आणि जोरावला, तर बारा तासांची वाट अठरा-वीस तासांची होते आणि थकलेल्या माणसांवर दुसरी, अधिक वाईट रात्र येते. मुदत चुकली तर दंड भरावा लागतो, सोबत्यांना सोमवारी कामावर हजर व्हावयाचे असते, अनामत रकमेची आठवण कोणीतरी काढतोच. या दडपणाखाली चुकीच्या हवेत निघालेल्या नौकांच्या कथा प्रत्येक शिक्षकाजवळ असतात. म्हणून अशा दिवशी कोणाला दूरध्वनी करावयाचा आणि नौका तेथेच ठेवली तर खर्च कोणाचा, हे भाडेपत्रावर सही करतानाच विचारून घ्यावे, असे ते सांगतात. शेर्बूरहून पोर्टस्मथ आणि पूल येथे जाणाऱ्या प्रवासी बोटी आहेत. सोबती त्यांपैकी एकीने घरी जातात, आणि नौका वारा फिरेपर्यंत धक्क्यालाच बांधलेली राहते.